परदेशातल्या जन्मदाखल्यावरचं चुकलेलं नाव इथं गावात सुधारत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर ‘नावात बदल’ या मथळ्याखाली रोज काही बारीक जाहिराती असतात. मी त्या नेमानं वाचतो. नोकरीची सगळी वर्षं यवतमाळ जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून काढली, आणि ग्रामसेवक म्हणजे गावचा जन्म-मृत्यू निबंधकही. त्यामुळे नावाच्या नोंदीचा विषय दिसला की नजर तिथं थांबतेच. अलीकडे या जाहिरातींत एक नवा प्रकार येऊ लागला आहे. मुलाचा जन्म दुबईचा, शारजाचा नाही तर दोह्याचा. तिथल्या जन्मदाखल्यावर आडनावाचं किंवा आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आणि आईबाप इथं पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे बसून जाहीर करतात की यापुढे मुलाला अमुक नावानं ओळखावं. अशी जाहिरात वाचली की मला त्या घरची काळजी वाटते. जाहिरातीचे पैसे गेले, राजपत्राची फी गेली, आणि मूळ कागदावरचं चुकीचं अक्षर होतं तिथंच आहे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आमच्या घरी हे घडलं आहे. आमचं आडनाव वानखडे. वऱ्हाडात वानखडेही आहेत आणि वानखेडेही. शेजारच्या गावांत, कधी एकाच गावात दोन्ही घरं असतात, आणि आम्हाला हा फरक लहानपणापासून माहीत असतो. बाहेरच्या माणसाला मात्र एकच माहीत, कारण मुंबईचं क्रिकेटचं मैदान वानखेडे. ज्यांच्या नावाचं ते मैदान ते शेषराव वानखेडे नागपूरकडचेच, महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले. १९७५ साली तिथं पहिली कसोटी झाली, तेव्हापासून ते स्पेलिंग साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर आहे.

माझा मुलगा संयुक्त अरब अमिरातीत एसी बसवण्या-दुरुस्तीचं काम करतो. सून तिथं सोबत होती आणि नातीचा जन्म तिथलाच. दवाखान्याच्या काउंटरवरचा कारकून आपल्याच देशातला होता. त्यानं पासपोर्ट समोर ठेवून टाइप करण्याऐवजी ओळखीचं स्पेलिंग टाइप केलं असावं. के आणि एचच्या पुढं ‘ए’ पाहिजे होतं, तिथं ‘ई’ पडलं. वडिलांच्या रकान्यात आडनाव बरोबर आणि मुलीच्या रकान्यात चुकीचं, दोन्ही एकाच कागदावर.

मुलाच्या हे त्याच दिवशी लक्षात आलं. तो परत काउंटरवर गेला, तर त्याला सांगण्यात आलं की दुरुस्तीला वेळ लागतो, आधी पासपोर्ट-व्हिसा करून घ्या, नाव मागाहून बघता येईल. हा सल्ला ऐकणाऱ्याला पटतो, कारण घड्याळ चालू झालेलं असतं. अमिरातीत बाळ जन्मल्यापासून १२० दिवसांत त्याचा निवासी व्हिसा व्हावा लागतो, नाही तर दंड सुरू होतो. व्हिसाला पासपोर्ट लागतो. पासपोर्टासाठी आपल्या वाणिज्य दूतावासात बाळाच्या जन्माची नोंद लागते. आणि त्या नोंदीला लागतो तोच जन्मदाखला, ज्यात चूक आहे. दूतावासात बाळाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच घेतात, त्यांनी तसंच घ्यायचं असतं. अशा रीतीनं एका कारकुनाचं एक अक्षर चार कागदांवर पोचलं.

नातीचा पासपोर्ट पहिल्यांदा माझ्या हातात आला तेव्हा मी पहिलं पान पाहिलं आणि मग शेवटचं. पहिल्या पानावर मुलीचं आडनाव ‘ई’नं, शेवटच्या पानावर वडिलांचं नाव ‘ए’नं. एकाच पुस्तिकेत बाप आणि लेक वेगवेगळ्या घरची. सुनेच्या पासपोर्टावर तिचं माहेरचं आडनाव आहे, लग्नानंतर तिनं ते बदललं नाही, आणि त्यात काहीच गैर नाही. पण त्यामुळे ती एकटी मुलीला घेऊन येत होती तेव्हा विमानतळावर तिला बाजूला घेऊन विचारलं गेलं की ही मुलगी तुमचीच ना? कडेवरच्या लेकराबद्दल आईला हा प्रश्न ऐकावा लागतो. नियमाप्रमाणे विचारणारा चुकत नाही, पण सून तो प्रसंग अजून विसरलेली नाही, मीही नाही.

मुलीचं शिक्षण इथंच करायचं ठरलं आणि खरी अडचण तेव्हा पुढं आली. शाळेनं प्रवेश अडवला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारताच येत नाही. पण दाखल-खारीज रजिस्टरात आडनाव कोणतं लिहायचं? तिथं एकदा नाव चढलं की ते सुधारायला पुढं शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं. आधारचंही तसंच. अनिवासी भारतीयांच्या मुलांच्या आधारला भारतीय पासपोर्टच ओळखीचा पुरावा म्हणून लागतो, म्हणजे पासपोर्टावरचं ‘ई’ आधारवर येणार. आधारवरचं शाळेत, शाळेतलं दाखल्यावर, आणि दाखल्यावरचं उद्या जातीच्या प्रमाणपत्रावर. जात पडताळणी समितीपुढे आजोबा-पणजोबांपासूनची कागदपत्रं मांडावी लागतात हे विदर्भातल्या कोणत्याही घराला सांगायला नको. वंशावळीत सगळे खडे आणि अर्जदार तेवढी खेडे असेल तर समिती विचारणारच. पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला बारावीनंतरचं हे लचांड आत्ताच मांडून ठेवलेलं होतं.

गावात सल्ला द्यायला माणसं कमी नसतात. एका सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, “काका, प्रतिज्ञापत्र करून घ्या, एका दिवसाचं काम हाय.” दुसऱ्यानं सांगितलं, “गॅझेट करा जी, गॅझेटपुढं कोनाचं चालते?” आणि ओळखीतल्या एका गृहस्थांनी तर थेट सांगितलं, “तुमी सोताच ग्रामसेवक व्हते नं भाऊ, गावातच जलम दाखवून टाका ना, कोन पायते?” तिघांनाही आमचं भलंच करायचं होतं, यात शंका नाही. पण तिन्ही सल्ले चुकीचे होते आणि शेवटचा तर गुन्ह्याचा होता. हे का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सारी नोकरी याच कायद्यात गेली.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ नोंदीतल्या दुरुस्तीचं आहे. नोंदवहीतली मूळ नोंद खोडायची नाही, गिरवायची नाही, तिच्यावर पांढरं लावायचं नाही. समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही करायची, तारीख घालायची. लेखनदोष असेल तर निबंधक खात्री करून घेऊन दुरुस्त करतो. नोंदीतली हकिकतच चुकली असेल तर ती हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं. म्हणजे जुनी चूकही दिसत राहते, नवी दुरुस्तीही दिसते आणि कोणी, केव्हा केली तेही. इंग्लंडातही दुरुस्ती रजिस्टराच्या समासातच होते आणि मूळ मजकूर तसाच ठेवतात. मला ही पद्धत फार सचोटीची वाटते. मी कितीतरी नोंदी अशा दुरुस्त केल्या. पण हा अधिकार ज्याच्या ताब्यात ती नोंदवही आहे त्यालाच असतो. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर आपण महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आपल्याच तहसीलदाराकडे अर्ज करतो, शेजारच्या जिल्ह्यातल्या तहसीलदाराकडे जात नाही. माझ्या नातीच्या जन्माची ओळ आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत नाहीच. जी ओळच नाही तिच्या समासात ग्रामसेवक काय लिहिणार?

परदेशात जन्मलेल्या भारतीय मुलांसाठी याच कायद्यात कलम २० आहे. दूतावासात नोंदलेले जन्म त्यात धरले जातात. आणि ज्यांची तिथं नोंद झालेलीच नाही, पण आईबाप कायमचं राहायला भारतात परतले, त्यांना मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे नोंद करता येते. ६० दिवस उलटले तर उशिराच्या नोंदीची जी रीत आहे तिनं. ही सवलत चांगली आहे, पण तिचा अर्थ लोक उलटा लावतात. दूतावासात नोंद झालेली असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही. आणि नसेल झालेली तरी जन्मठिकाण परदेशातलंच लिहायचं आणि कागद तिथलाच दाखवायचा, म्हणजे तिथली चूक सोबत येणारच.

राहिलं ‘गावातच जन्म दाखवणं’. ज्या मुलीच्या पासपोर्टावर जन्मस्थळ परदेशातलं छापलेलं आहे, तिचा जन्म दारव्हा तालुक्यात दाखवायचा म्हणजे तिच्या नावावर दोन जन्म होतात. पुढं कोणत्याही तपासणीत हे उघडं पडतं, आणि तेव्हा प्रश्न स्पेलिंगचा राहत नाही, नागरिकत्वाचा होतो. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल वंशानं भारतीय ठरायचं तर जन्मापासून वर्षाच्या आत दूतावासात नोंद लागते, त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी. नागरिकत्व कायद्याचं कलम ४ ते हेच. ज्या नोंदीवर मुलीचं भारतीयत्व उभं आहे तिच्यावर खोटी नोंद रचायची? २०२५ मध्ये उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून आपल्या राज्यात चौकश्या लागल्या, त्यात विदर्भही होता, हे वाचकांना आठवत असेल. त्यात खरी गरज असलेली साधी माणसंही होरपळली.

राजपत्राबद्दल तर मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण यात सर्वांत जास्त लोक फसतात. महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव येतं ते ‘माझं जुनं नाव हे होतं, आता हे नवं’ असं जाहीर करायला. ज्यानं खरोखर नाव बदललं त्याच्यासाठी ते योग्य आहे. आमच्या नातीनं नाव बदललेलंच नव्हतं. ती जन्मापासून वानखडे आहे. राजपत्र केलं असतं तर ‘वानखेडे’ हे तिचं आधीचं खरं नाव होतं असं आम्हीच सहीनिशी लिहून दिल्यासारखं झालं असतं, आणि उद्याच्या जात पडताळणीत तोच कागद तिच्या विरोधात वाचला गेला असता. शिवाय परदेशातला निबंधक आपलं राजपत्र पाहून त्याची नोंद बदलत नाही, आणि त्यानं का बदलावी? त्याला त्याच्या दवाखान्याचा कागद आणि आईबापांचे पासपोर्ट पाहायचे असतात. प्रतिज्ञापत्राचंही तेच. ते पुरवणी कागद म्हणून कुठं तरी चालतं, पण नोंद सुधारण्याची ताकद त्यात नाही.

मुलाला मी फोनवर एवढंच सांगितलं की तू तिथं आहेस तोवरच हे काम होईल, इथं आम्ही काही करू शकत नाही, आणि जिथून चूक निघाली तिथूनच सुरुवात कर. त्यानं तसं केलं. आधी दवाखान्याचं मूळ जन्मसूचनापत्र काढलं. त्यासोबत दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, चुकीचा मूळ जन्मदाखला आणि लग्नाचं साक्षांकित प्रमाणपत्र जोडून आरोग्य विभागाकडे दुरुस्तीचा अर्ज दिला. नवा दाखला मिळाल्यावर त्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन घेतलं, मग आपल्या दूतावासातली नोंद दुरुस्त करून घेतली, आणि त्यानंतर पासपोर्ट. पासपोर्टावर हातानं दुरुस्ती होत नाही, नवी पुस्तिका निघते. व्हिसा आणि तिथलं ओळखपत्र सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा करून पाहणारे पुष्कळ आहेत. आधी पासपोर्ट सुधारायला जातात, तिथं जन्मदाखला मागतात, दाखल्यात चूक तशीच, आणि माणूस परत फिरतो.

यात सर्वांत जास्त वेळ कशाला लागला म्हणाल तर लग्नाच्या प्रमाणपत्राला. लग्नाची नोंद आमच्याच ग्रामपंचायतीची, प्रमाणपत्र मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर, मग राज्य शासनाचं साक्षांकन, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीच्या इथल्या दूतावासाचं, आणि तिथं पोचल्यावर पुन्हा त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचं. इतके शिक्के एका पानावर मी नोकरीत कधी पाहिले नव्हते. सगळ्या देशांत एवढं लागत नाही. अपोस्टिल नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, १९६१ चा. भारतात तो २००५ पासून लागू झाला. ओमान २०१२ पासून त्यात आहे, बहरीन २०१३ च्या अखेरीस आलं, सौदी अरेबिया २०२२ मध्ये. या देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे या करारातला शिक्का, लागला की दूतावासाच्या शिक्क्याची गरज राहत नाही. आमच्या बाबतीत तसं नव्हतं. तेव्हा कोणत्या देशात आहोत हे पाहूनच कामाला लागावं, शेजाऱ्याला मस्कतमध्ये काय लागलं ते ऐकून दुबईचे कागद करू नयेत.

नातीचं काम झालं. शाळेच्या बाईंनी समजून घेतलं आणि नवा पासपोर्ट येईपर्यंत रजिस्टरातली नोंद थांबवून धरली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पण आर्णीकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाचं काम अजून झालेलं नाही, आणि खरं म्हणजे त्यांच्यामुळेच मी पत्र लिहायला बसलो. हे लोक २०२० मध्ये परत आले. कोरोनात काम बंद पडलं, मे महिन्यात ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली, त्यातल्या एका विमानानं सामान तसंच टाकून आले. मुलाच्या परदेशी जन्मदाखल्यात आईच्या नावातली दोन अक्षरं गळलेली आहेत. त्या धामधुमीत कोणाचं लक्ष तिकडं जाणार? लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो संपला, नूतनीकरणाला गेले, तेव्हा आईच्या पासपोर्टावरचं नाव आणि मुलाच्या दाखल्यावरचं नाव जुळेना. मग कोणी तरी प्रतिज्ञापत्र करायला लावलं, कोणी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला, कोणी राजपत्र. सोयाबीनच्या पैशातून हे सगळं झालं. कागदांची पिशवी भरली आणि दाखला आहे तसाच आहे. त्यांचं आता तिकडं कोणी नाही. त्यांना उरलेला मार्ग म्हणजे तिथं असलेल्या एखाद्या विश्वासू माणसाच्या नावानं मुखत्यारपत्र करायचं, ते नोटरीपासून दूतावासापर्यंत साक्षांकित करून पाठवायचं आणि त्याच्याकरवी अर्ज द्यायचा. अमिरातीचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, वकिलात दिल्लीत. आर्णीहून दोन्ही दूरच. काम अडलंच तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारी त्यावर घेतात आणि त्या त्या दूतावासाकडे जातात. या कुटुंबाला त्याचं नावही कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता ज्यांच्या घरी परदेशात बाळ व्हायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते, आणि तोवर नाव ठरलेलंच असतं असं नाही. इथला कायदा त्याला सवड देतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नावाशिवाय जन्म नोंदवता येतो, नाव पुढं घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत. परदेशात अशी सवड धरून चालू नका. तिथं दवाखाना लगेच नाव विचारतो. तेव्हा आत्याबाईंना आधीच विचारून ठेवावं, बारसं फोनवर मागाहून थाटात करावं. नुसतं नाव ठरवून भागत नाही, त्याचं इंग्रजी स्पेलिंग घरात एकदा कागदावर लिहून दोघांनी वाचावं. ‘ज्ञ’ची मुलं-मुली आपल्याकडे पुष्कळ. ज्ञानेश्वर, ज्ञानदा, प्रज्ञा. आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदी भागातला कारकून ऐकून जी-वाय लिहितो. आपला उच्चार सांगून उपयोग नाही, अक्षरं सांगावी लागतात. आखातात दाखल्यावर अरबीही असतं. अरबी लिपीत ‘प’ नाही, तिथं पाटील ‘ब’नं लिहिलं जातं. ते चूक नाही, त्यावरून भांडू नये. पण इंग्रजी रकान्यातलं प्रत्येक अक्षर पासपोर्टाशी जुळलंच पाहिजे. मधलं नाव ही दुसरी अडचण. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. तिथल्या फॉर्ममध्ये आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडलेलं मी एका गावकऱ्याच्या कागदावर पाहिलं आहे. छापण्याआधी मसुदा मागा, सही करण्याआधी मुलाचं, वडिलांचं, आईचं असे तिन्ही रकाने वाचा. चूक दिसली तर १२० दिवसांच्या धाकानं पुढं जाऊ नका. पहिल्या आठवड्यात दुरुस्ती मागितली तर एकच कागद बदलावा लागतो.

हे सगळं आता अधिक गंभीर का झालं तेही लिहितो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. पासपोर्टाच्या नियमांतही २०२५ मध्ये तसाच बदल झाला. पूर्वी दाखल्यात चूक असली तर शाळेच्या टीसीवर निभावून जायचं. या पिढीचं तसं निभावणार नाही.

आपल्या विदर्भातून आखातात जाणारी पोरं आता थोडी राहिलेली नाहीत. वेल्डर, ड्रायव्हर, एसीवाले, नर्स मुली. कोकणातल्या गावांत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, तिथं चार म्हातारे तरी सांगायला असतात की हा कागद असा करायचा. आमच्याकडे ही पहिली पिढी आहे आणि विचारायला कोणी नाही. पासपोर्टाचं विभागीय कार्यालय नागपूरला, मंत्रालय मुंबईला, आणि गावात प्रतिज्ञापत्राचे पैसे घेणारं दुकान घराच्या बाजूला.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात परदेशातल्या जन्म, विवाह, मृत्यूच्या कागदांची माहिती असलेला एक कर्मचारी ठरवून द्यावा, त्याचं नाव दर्शनी भागात लावावं, आठवड्यातला एक दिवस ठरवावा. नवी जागा, नवा निधी काही लागणार नाही, आहे त्यातल्याच एकाला प्रशिक्षण द्यावं. आपले सरकार सेवा केंद्रांत ठळक फलक लावावा की परदेशातल्या जन्मदाखल्याची दुरुस्ती प्रतिज्ञापत्रानं किंवा राजपत्रानं होत नाही. परदेशी कामाला जाणाऱ्यांना जाण्याआधी जे एक दिवसाचं मार्गदर्शन असतं, त्यात पगार, करार, कायदे यांच्या सोबत बाळाच्या नोंदीचा अर्धा तास ठेवावा. ग्रामसेवक बंधू-भगिनींनाही सांगणं आहे की तुमच्याकडे असा माणूस आला तर ‘हे आमचं काम नाही’ म्हणून परत पाठवू नका. काम आपलं नाही हे खरंच, पण कोणाचं आहे हे आपल्याला माहीत असतं, तेवढं कागदावर लिहून द्या. आणि लग्नाचं प्रमाणपत्र देताना नवरा-नवरीचे पासपोर्ट असतील तर ते मागून घ्या, त्यावरचंच इंग्रजी स्पेलिंग प्रमाणपत्रावर घाला. तेवढ्यानं पुढची निम्मी पायपीट वाचते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. ‘नावात बदल’ची जाहिरात घेताना मुलाचा जन्म परदेशातला असल्याचं दिसलं तर आपल्या तालुका प्रतिनिधींनी त्या माणसाला इतकंच विचारावं की मूळ देशात दुरुस्तीचा अर्ज दिला आहे का? जाहिरात नाकारावी असं मी म्हणत नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण हा एक प्रश्न त्यांना कोणी तरी वेळेवर विचारायला पाहिजे.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. उन्हाळ्यात परदेशातून बरीच कुटुंबं गावी येतात आणि मुलांचे कागद घेऊन तहसीलच्या आवारात फिरताना दिसतात. जिल्हाधिकाऱ्यांनी फलकाचं आणि नेमलेल्या कर्मचाऱ्याचं एवढं काम त्याच्या आधी, मेअखेरपर्यंत करावं.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त ग्रामसेवक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)